मडक्यावरचं उत्तर

थल्लूसाच्या मडक्यातले हरभरे कमी होतात, ही गोष्ट तिने पहिल्यांदा मला सांगितली. सांगताना माझ्या तोंडाकडे असं काही बघितलं, जणू माझ्या दाढेत अजून एखादा दाणा अडकलेला असावा.

आम्ही पुतेओलीच्या बंदरामागच्या एका उंच इमारतीत, एकाच मजल्यावर राहायचो. भिंतीला भिंत. मी सूत कातायची. माझा नवरा हयात असताना धक्क्यावर घागरींवर शाईने मालाचं आणि मालकाचं नाव लिहायचा, त्याच्यामुळे चार अक्षरं मलाही येत होती. ती चार अक्षरं पुढे माझ्याच मुळावर आली. थल्लूसा जुन्या अंगरख्यांच्या चिंध्या जोडून गोधड्या शिवायची. नवरा गेमेल्लस हमाल, बैलासारखा माणूस, बोलायला आणि वागायलाही. लग्नाआधी ती दासी होती. आधी कापुआ शहरात कुणा मोठ्या घरी, मग इथल्या एका कापडवाल्याकडे, आणि त्या कापडवाल्याने तिला मोकळं केलं. न्हाणीघरात तिची पाठ मी पाहिली होती. जुने वळ होते. मी कधी विचारलं नाही.

इमारतीला जिने लाकडाचे, म्हणून खोलीत चूल पेटवायची नाही असा घरमालकाचा दंडक. आम्ही सगळ्या बायका सकाळी आपापली मडकी भरून कोपऱ्यावरच्या सिलो भटारवाल्याकडे नेऊन द्यायचो. पाव निघाले की उरलेल्या धगीवर मडकी आत सरकवायची आणि ऊन उतरलं की घरी आणायची. इतकी वर्षं हेच चाललं होतं, कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

"शिजल्यावर फुगतात ना हरभरे?" थल्लूसा म्हणाली. "माझे आटतात."

"धग जास्त लागत असेल."

"धगीला दात असतात का, मावशी?"

मी हसले. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने गोधडीचं दाभण घेतलं आणि मडक्याच्या पोटावर कोरलं: 'मी थल्लूसाचं आहे. चोरा, ठेव खाली.'

संध्याकाळी मडकं परत आलं ते तिने जिन्यातच आपटलं असतं, पण हरभरे सांडतील म्हणून नाही आपटलं. तिच्या ओळीखाली बारीक, रेखीव अक्षरांत कुणीतरी लिहिलं होतं: 'ठेवलं. मीठ कमी आहे.'

इमारतभर हशा पिकला. खालच्या मजल्यावरचा यूप्लस, जो माशांचा खारट रस विकायचा, तो मुद्दाम वर चढून आला, मडकं हातात घेऊन मोठ्याने वाचलं आणि म्हणाला, "खरं सांगू का, थल्लूसा? मीठ कमी असतंच तुझं. माझ्याकडून रस घेत जा."

"तुला कसं ठाऊक, माझं मीठ कमी असतं?" ती म्हणाली.

यूप्लसचं हसू तिथेच वाळलं.

तिने एक चावा घेतला तर समोरून दोन चावे येणार, असं ते मडकं झालं. तिने कोरलं, 'माझं खाणाऱ्याचे दात पडोत.' उत्तर आलं, 'उशीर केलास. पडले.' त्या दिवसापासून ती माणसांशी बोलताना डोळ्यांत बघेना, तोंडात बघायला लागली. यूप्लसला पुढचे दात नव्हते. सिलोच्या बायकोला एका बाजूने चावता येत नव्हतं. माझ्याही डाव्या दाढा गेलेल्या. मी जांभई दिली तरी थल्लूसा मान पुढे काढायची.

बाकीच्यांना मात्र खेळ मिळाला. यूप्लसने आपल्या बरणीवर कोरलं, 'नाक लावू नकोस, मी फुलदाणी नाही.' दुसऱ्या मजल्यावरच्या जाड्या न्हाव्याने वाडग्यावर लिहून घेतलं, 'मला रिकामं बघणारा खोटं बोलतो.' गेमेल्लसलाही लिहिता येत नव्हतं; त्याने माझ्याकडून पेल्याच्या बुडावर कोरून घेतलं, 'आता दुसरा आण.' पेला उलटा करून तो प्यायचा आणि ती ओळ सगळ्यांना दिसायची. थल्लूसाने तो पेला पाहिला, मग माझं अक्षर पाहिलं, मग मडक्यावरचं अक्षर पाहिलं. काही बोलली नाही. न बोललेलं मला जास्त लागलं.

मग तिने सापळा लावला. हरभऱ्यांत कडवट दवण्याचा पाला कुटून घातला, असा की कुत्र्यानेही तोंड फिरवावं. त्याच सकाळी तिचं आणि गेमेल्लसचं कडाक्याचं वाजलं होतं. तो म्हणत होता, "मडक्यासाठी सगळ्या इमारतीला चोर ठरवलंस, आता मलाही ठरव." ती म्हणत होती, "तुला ठरवायला काय वेळ लागतो?" असं बरंच.

संध्याकाळी मडक्याच्या पोटावर नवी ओळ होती: 'आज कडू. नवऱ्याशी भांडलीस वाटतं.'

ती सरळ माझ्या दारात येऊन उभी राहिली. हातात मडकं, ओठ पांढरे.

"भिंत पातळ आहे आपली, नाही का, मावशी?"

"काय म्हणायचंय तुला?"

"आमचं भांडण कुणी ऐकलं? तू. लिहिता कुणाला येतं? तुला. दाढा कुणाच्या नाहीत?"

मी हातातली चाती खाली ठेवली. "अगं बये, तुझा ताप उतरत नव्हता तेव्हा तुझ्या तोंडात पेज कुणी घातली? मला हरभरे खायचे असते तर मी तुझ्यासमोर बसून खाल्ले असते, आणि तू वाढले असतेस."

"वाढले असते. म्हणूनच तर कळत नाही, चोरून का खातेस."

कास्तोर देवाची शपथ, मी दार लावून घेतलं आणि आत बसून रडले. पुढे आमचं बोलणं बंद झालं. पाणवठ्यावर ती आली की मी घागर अर्धी भरून निघायची.

आणि मग एका संध्याकाळी तिने माझं दार वाजवलं. वाजवलं म्हणजे कसं, नखाने खरवडल्यासारखं. मी उघडलं नसतं, पण ती बाहेरूनच म्हणाली, "मावशी, तू नाहीस. मला कळलं."

चेहरा पाहून मी तिला आत घेतलं. तिने मडकं माझ्या मांडीवर ठेवलं. ओळी आता पट्ट्यासारख्या गोल फिरून मागे गेल्या होत्या. सगळ्यात शेवटी होतं: 'झाकण अजूनही तिरकंच ठेवतेस.'

"मग?" मी म्हटलं. "ठेवतेस तिरकं. वाफ जायला."

"तो 'अजूनही' वाच, मावशी." तिचा आवाज खाली गेला. "झाकण तिरकं ठेवते म्हणून मला ओरडा बसायचा तो कापुआत. इथे कुणी ओरडलं नाही मला. इथे कुणाला ठाऊकच नाही."

इतके दिवस वाटत होतं, शेजारचं कुणी गंमत करतंय. आता वाटायला लागलं, कुणीतरी लांबून चालत येऊन तिच्या मडक्यापाशी बसलंय.

"उद्या येशील माझ्याबरोबर?" तिने विचारलं. "एकटीने जायची भीती वाटते."

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर असताना आम्ही सिलोकडे गेलो. पाव निघून गेले होते. सिलो पिठाच्या पोत्यांवर आडवा, तोंड उघडं टाकून घोरत होता. त्याची बायको पुढे गिऱ्हाईक करत होती. "मीठ घालायचं राहिलं," असं तिला सांगून आम्ही आत शिरलो. भट्टीच्या बाजूला मडकी उतरवायचा कट्टा होता, त्यावर शिजून निघालेली मडकी मांडलेली, आणि कट्ट्यामागच्या भिंतीत पोतं सरकवण्यापुरतं भोक. पलीकडे जात्यांची खोली. तिकडून दगडाची घरघर अखंड येत होती. तिकडे कोण असतं हे आम्हाला ठाऊक होतं आणि आमच्यापैकी कुणी कधी वाकून पाहिलं नव्हतं. ज्या गुलामाचं मालकाला तोंड बघायचं नसतं, त्याला जात्याला जुंपतात. आम्ही दोघी लाकडाच्या ढिगाआड उभ्या राहिलो.

एक जातं थांबलं. भोकातून हात आला. मनगटापर्यंत पिठाने माखलेला, हाडं मोजावीत असा. त्या हाताने मडकी चाचपली, थल्लूसाच्या मडक्यावर थांबला, झाकण उचललं. मग एक भादरलेलं डोकं आत आलं. म्हाताऱ्याने दोन बोटांनी हरभरे तोंडात टाकले आणि हिरड्यांनी हळूहळू चघळले. घाई नव्हती. खाऊन झाल्यावर मडकं उजेडाकडे फिरवलं, तिने नवं काय लिहिलंय ते शोधलं. काही सापडलं नाही. त्याचा चेहरा पडला, हे मला स्पष्ट दिसलं. तरी त्याने कमरेच्या फडक्यातून खिळा काढला.

"कारभारी," थल्लूसा म्हणाली.

खिळा कट्ट्यावर पडला. म्हाताऱ्याने डोळे बारीक केले. पिठाने ते लाल होऊन जवळजवळ मिटले होते.

"थल्लूसा का? ये ना पुढे. माझ्यानं नाही येववत." पलीकडे साखळी वाजली. "अक्षराला तुझ्या अजून वळण नाही. किती घोटून घेतलं होतं मी."

हा फिलेतस. कापुआतल्या त्या घराचा कारभारी. कोठीच्या किल्ल्या त्याच्या कमरेला असायच्या. कपड्यांवर खुणा करता याव्यात म्हणून थल्लूसाला अक्षरं त्यानेच शिकवली होती. हे मला मागाहून कळलं; तेव्हा मी नुसती एकाकडून दुसरीकडे बघत होते.

"तुम्ही इथे कसे?" ती म्हणाली. तिच्या तोंडून अजून 'तुम्ही'च येत होतं.

"थोरले मालक गेले. धाकट्यांना माझं बोलणं आवडत नव्हतं. जीभ आवरता आली नाही मला कधी, तुला ठाऊक आहे."

"मडकं माझं आहे हे तुम्हाला माहीत होतं."

"नाव लिहिलंयस की! आधी वाटलं, थल्लूसा काय, गावात ढीगभर असतील. मग झाकण बघितलं."

"मागायचं होतं. चोरून का खाल्लंत?"

"कुणाकडे मागू?" तो म्हणाला. "तुझ्याकडे?"

मला वाटलं आता ही ओरडणार, सिलो जागा होणार. पण ती कट्ट्याजवळ गेली, इतकी जवळ की त्याच्या श्वासाने तिच्या कपाळावरची बट हलली असेल.

"तो चांदीचा चमचा," ती म्हणाली. "कुणी घेतला होता?"

फिलेतसने दाण्याचं साल बोटाने काढून बघितलं. "मला काय माहीत?"

"तुम्ही मालकिणीला माझं नाव सांगितलंत."

"मालकिणीला दिवस मावळायच्या आत कुणाचं तरी नाव हवं होतं. नाहीतर आम्हा सगळ्यांची पाठ सोलली असती. तू नवीन होतीस. तुझ्यासाठी घरात कुणी रडणार नव्हतं."

"पण घेतला कुणी?" तिचा आवाज चिरकला. "मी आजवर एकेकीवर संशय घेत आलेय. स्वयंपाकिणीवर, तिच्या बहिणीवर, त्या केस विंचरणारीवर. मला वाटायचं, निदान तुम्हाला तरी ठाऊक आहे. कुणाला तरी वाचवायला तुम्ही माझं नाव दिलंत."

"नाही गं." तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच जरा मऊ बोलला. "खरकट्या पाण्याबरोबर मोरीत गेला असेल. चमचे जातात असे."

पलीकडून कुणीतरी खेकसलं. डोकं मागे ओढलं गेलं. जाता जाता त्याने विचारलं, "सिलोला सांगणार आहेस?" ती उत्तर देईना, तसा तो दिसेनासा झाला आणि जातं पुन्हा घरघरायला लागलं. थल्लूसाने मडकं पदराखाली घेतलं.

नंतर तिने भट्टीत मडकं पाठवायचंच बंद केलं. गेमेल्लसला कांदा, चीज आणि शिळा पाव वाढायची. तो धुसफुसायचा, पण तिचं तोंड बघून गप्प खायचा. मी वाट बघत होते, ही कधी जाऊन सांगते. पाठीवरच्या त्या वळांचा धनी तिच्या मुठीत होता. एक शब्द पुरे होता. मी तिच्या जागी असते तर? खरंच सांगते, मला ठाऊक नाही.

शब्द मागायला सिलोची बायकोच जिने चढून आली. धापा टाकत थल्लूसाच्या दारात उभी राहिली. मी तेव्हा तिथेच सुताची गुंडी गुंडाळत बसले होते.

"माझ्या भट्टीत चोर आहे म्हणून बायका बोलायला लागल्यात," ती म्हणाली. "तिघी-चौघी पलीकडच्या गल्लीत जायला लागल्या. सिलोने जात्यावरचे सगळे ओळीने उभे केलेत. तू आत गेली होतीस त्या दिवशी. काय पाहिलंस? नाव सांग, निदान कोण ते बोट दाखव. एकाला फोडला की बाकीचे सरळ येतील."

थल्लूसा गोधडीवर वाकलेली. दाभण आत गेलं, बाहेर आलं, आत गेलं. माझी गुंडी हातातच राहिली.

"माझा नवरा," ती म्हणाली.

"काय?"

"मडकं आणायला तो येतो ना. वरती येईपर्यंत धीर नसतो. जिन्यात बसून अर्धं खातो. मी पकडला त्याला."

सिलोच्या बायकोचा विश्वास बसला नाही. ती काही खुळी नव्हती. "आणि लिहितं कोण? गेमेल्लसला साधी रेघ ओढता येत नाही."

थल्लूसाने मान वर केली. तिची नजर खोलीभर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली.

"ही अम्मिया लिहिते," ती म्हणाली.

मला वाटलं, जमीन दुभंगावी. पण सिलोच्या बायकोचे डोळे माझ्याकडे वळले होते आणि तिकडे जात्याच्या खोलीत कुणीतरी ओळीने उभं होतं.

"गंमत केली," मी म्हटलं. "म्हातारपणी दुसरं काय असतं करायला?"

"लाज नाही वाटत? माझं गिऱ्हाईक गेलं तुझ्या गमतीपायी!" तिने मला जे जे सुनावलं ते मी इथे सांगत नाही. ऐकत राहिले. शेवटी ती जिने उतरताना प्रत्येक मजल्यावर थांबून तेच सांगत गेली. संध्याकाळी गेमेल्लस धक्क्यावरून आला तेव्हा यूप्लसने त्याच्यापुढे रिकामं मडकं धरलं आणि न्हाव्याने विचारलं, "जिना चाटून झाला का?"

"मी? हर्क्युलिसची शपथ, मी?" त्याचं ओरडणं बंदरापर्यंत गेलं असेल. थल्लूसाने त्याला आत ओढलं, दार लावलं. बराच वेळ नुसती कुजबुज येत होती. भिंत पातळ असूनही मला काही ऐकू आलं नाही. बाहेर आला तेव्हा तो यूप्लसला एवढंच म्हणाला, "हो, खाल्ले. माझ्या बायकोचे हरभरे आहेत, तुझ्या बापाचे नाहीत."

त्यानंतर मी तिला विचारलं, "माझंच नाव का गं?"

"तुला कुणी मारणार नव्हतं."

"आणि आधी विचारायचं?"

"वेळ कुठे होता, मावशी?" तिने माझा हात धरला, लगेच सोडला. "रागावलीस?"

रागावले होते. पुष्कळ दिवस पुरला तो राग. पण सूत तिच्याच दारात बसून कातत राहिले.

मडकं पुन्हा भट्टीत जायला लागलं. तिने त्यावर परत काही कोरलं नाही आणि तिकडूनही काही आलं नाही. हरभरे मात्र थोडे कमीच यायचे. ती झाकण उचलून बघायची आणि गेमेल्लसला वाढायची. तो मान खाली घालून जेवायचा. तिने मडक्यात कधी मूठभर जास्त घातले का, हे मी पाळत ठेवून बघितलं. नाही घातले.

एकदा गोधडी उसवता उसवता ती एकदम म्हणाली, "मला वाटतं, चमचा त्यानेच घेतला होता."

"मग विचार जाऊन."

"खरं सांगेल कशावरून?"

थंडी पडली, बंदरात जहाजं यायची थांबली. एका संध्याकाळी मडकं काठोकाठ भरलेलं परत आलं. दुसऱ्या दिवशीही. मग पुढेही तसंच. गेमेल्लस खुशीत होता, पोटभर मिळत होतं. थल्लूसा मात्र घास चिवडत बसायची. शेवटी मला घेऊन सिलोच्या दुकानावर गेली. पावांकडे बघत, जणू सहज विचारावं तसं म्हणाली, "तुमच्या जात्यावर एक म्हातारा होता ना?"

"कोण, तो बडबड्या?" सिलोच्या बायकोने पीठ झटकलं. "गेला."

"कुठे?"

"गेला म्हणजे गेला, बाई. म्हातारा माणूस कुठे जातो?" आणि मग बारीक डोळे करून, "तुला कशाला हवाय तो?"

"सहज," थल्लूसा म्हणाली. तिने एक पाव उचलला, दाबून पाहिला, परत ठेवला.

गल्लीच्या वळणापर्यंत आम्ही चालत आलो. गावामागच्या धुमसत्या डोंगरावरून बोचरा वारा येत होता, गंधकाचा वास घेऊन. वळणावर ती थांबली आणि मागे वळून दुकानाकडे पाहत राहिली.

"मावशी, खरंच मेला असेल? की विकला आणि ही बाई खोटं बोलतेय?"

"मला काय ठाऊक, पोरी."

"तिने माझ्याकडे असं का बघितलं?"

मी तिचा दंड धरला आणि पुढे चालायला लागले. पाणवठ्यावर गर्दी व्हायची वेळ झाली होती आणि आमच्या दोघींच्या घागरी घरी रिकाम्या होत्या.